किरणोत्सारी पाण्याचे शुद्धीकरण : विज्ञान, व्यवहार आणि जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्यभर कापडाचा व्यापार करीत आलो आहे. तरीही आज मी अणुवीज केंद्रातील सांडपाण्याचा विषय निवडला आहे. व्यापाऱ्याने अणुविज्ञानावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. आपण पालघर जिल्ह्यातील माणसे आहोत. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरच्या किनाऱ्यावर सुरू झाले. त्याच केंद्रात २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. विजेचे दिवे सर्वांच्या घरी लागले. मात्र त्या विजेसोबत निर्माण होणाऱ्या कचऱ्याचे पुढे काय होते, याची विचारपूस आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. ती करण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

पाण्यात नेमके असते काय?

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूचे विभाजन होते. त्यातून उष्णता निघते, उष्णतेने वाफ होते आणि वाफेवर जनित्र चालते. या विभाजनातून युरेनियमच्या अणूचे जे तुकडे होतात, त्यांत सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे दोन धातू विशेष त्रासदायक आहेत. हे तुकडे एरवी इंधनाच्या नळ्यांमध्येच बंदिस्त असतात. तरीही नळीला सूक्ष्म छिद्र पडले, वापरलेले इंधन पाण्याच्या तलावात साठविले किंवा इंधनावर पुनर्प्रक्रिया केली, म्हणजे त्यांचा काही अंश पाण्यात उतरतो. यंत्रसामग्रीच्या पोलादापासून तयार होणारे कोबाल्ट-६० हेही त्यांच्या सोबतीला असते.

निसर्गाची एक विलक्षण गोष्ट अशी, की सीझियमचे रासायनिक वर्तन पोटॅशियमसारखे आहे आणि स्ट्रॉन्शियमचे कॅल्शियमसारखे. आपले शरीर त्यांच्यात पुरेसा भेद करू शकत नाही. त्यामुळे पाण्यावाटे किंवा अन्नावाटे पोटात गेलेले सीझियम स्नायूंमध्ये पसरते आणि स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊन बसते. तेथे राहून ते आतून किरण सोडीत राहतात. म्हणून या धातूंना पाण्यातून काढून घेणे अत्यावश्यक ठरते.

पाणी गाळून वापरण्याची शिस्त आपल्या घराघरांत आहे. जाड, दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावयाचे आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडावयाचे, ही दक्षता आपल्याला लहानपणापासून शिकविली जाते. परंतु साखर विरघळलेले पाणी कितीही घट्ट विणीच्या कापडातून गाळले तरी ते गोडच राहते. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम हे पाण्यात याच प्रकारे विरघळलेले असतात. विद्युतभार धारण केलेल्या या कणांना शास्त्रज्ञ आयन म्हणतात. कापडाच्या विणीपेक्षा ते लक्षावधी पटींनी लहान आहेत. शिवाय आपल्या गाळण्याच्या विधीत जे वस्त्रावर राहते ते दयाबुद्धीने मूळ पाण्यात परत जाते, येथे मात्र जे पकडले ते पुन्हा पाण्यात जाऊ नये यातच दया आहे.

उकळून, जाळून किंवा रसायन घालून किरणोत्सार नष्ट करता येत नाही. तो केवळ काळानेच ओसरतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित समजावे. ३० वर्षांनी निम्मे, ६० वर्षांनी पाव, ९० वर्षांनी दोन आणे, असे करीत ३०० वर्षांनी ते मूळच्या १,०२४ व्या भागावर येते. हजार रुपयांचे मुद्दल ३०० वर्षांनी एका रुपयाच्याही खाली उतरावे, तसे. तोपर्यंत त्याला कोठेतरी सुरक्षित कोंडून ठेवावे लागते. कोट्यवधी लिटर पाणी ३०० वर्षे सांभाळणे अशक्य आहे. परंतु त्या पाण्यातील धातू काही टन घन पदार्थात गोळा करता आले, तर ते सांभाळणे शक्य होते. या सर्व विद्येचे मर्म एवढेच आहे.

धरून ठेवणारे पदार्थ

आपण कापडवाले ज्या गोष्टीवर पोट भरतो, तीच गोष्ट येथे कामाला येते. सुती कापड रंगाच्या कढईत टाकले असता पाण्यात विरघळलेला रंग तंतूंच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि कढईतील पाणी फिकट होत जाते. मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर टिकून राहावा म्हणून रंगारी आधी तुरटीचे पाणी देतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा कापड आणि रंग यांच्यातील दुवा होतो. विरघळलेल्या पदार्थाने घन पदार्थाच्या पृष्ठभागाला धरून राहणे, या क्रियेला अधिशोषण म्हणतात आणि अशा घन पदार्थाला अधिशोषक. कोणता रंग कोणत्या तंतूवर चढेल याचे जसे ठरलेले शास्त्र आहे, तसेच कोणता धातू कोणत्या अधिशोषकावर बसेल याचेही आहे.

या कामातील सर्वांत जुना आणि विश्वासू पदार्थ म्हणजे झिओलाइट नावाचा दगड. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी हा दगड तापविला, तेव्हा त्यातून वाफा निघून तो जणू उकळू लागला. म्हणून ग्रीक भाषेतील 'उकळणे' आणि 'दगड' या दोन शब्दांवरून त्यांनी त्याला हे नाव दिले. आपल्या महाराष्ट्राचा या दगडाशी जवळचा संबंध आहे. दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांमध्ये झिओलाइट गटातील खनिजांचे इतके सुंदर स्फटिक सापडतात, की पुणे, नाशिक, जळगाव या परिसरातील नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असतील.

झिओलाइटच्या अंतरंगात सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची एक जाळीदार इमारत असते. तिच्यात सारख्या मापाच्या असंख्य खोल्या आणि त्यांना जोडणारे बोळ असतात. जेथे जेथे ॲल्युमिनियमचा अणू आहे, तेथे तेथे इमारतीवर एक ऋण भार शिल्लक राहतो. तो फेडण्यासाठी सोडियमसारखा एक धन आयन खोलीत वस्तीला असतो, पण भाडेकरूप्रमाणे, कायमचा नव्हे. सीझियमयुक्त पाणी या दगडाच्या भुग्यातून वाहू लागले, की सीझियमचा आयन आत शिरतो आणि सोडियमचा आयन बाहेर पडतो. एक जमा, एक नावे, खाते बरोबर. यालाच आयन-विनिमय म्हणतात.

आता प्रश्न असा, की सीझियमनेच आत का बसावे? पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे एक वेष्टण असते. सोडियमचा आयन लहान असल्यामुळे त्याचे वेष्टण घट्ट असते आणि ते सोडून अरुंद खोलीत शिरणे त्याला जड जाते. सीझियमचा आयन आकाराने मोठा आहे आणि त्याचे वेष्टण सैल आहे. ते उतरवून तो सहज आत शिरतो आणि भिंतीशी घट्ट बिलगतो. खोलीचे माप त्याला अनुरूप असेल, तर तो बाहेर पडत नाही. या पसंतीला शास्त्रज्ञ निवडक्षमता म्हणतात आणि अधिशोषकाची खरी किंमत तिच्यावरूनच ठरते.

दुसरा महत्त्वाचा पदार्थ रंगाच्या दुकानातील आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये एक निळा रंग योगायोगाने तयार झाला. तो पुढे 'प्रशियन निळा' म्हणून प्रसिद्ध झाला. आपली पारंपरिक नीळ वनस्पतीपासून होते, हा रंग मात्र लोहाच्या संयुगाचा. त्याच्या स्फटिकातील पिंजरे सीझियमला चपखल बसतात. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात बंद पडलेल्या रुग्णालयातील किरणोपचाराचे यंत्र भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि त्यातील सीझियमची भुकटी वस्तीत पसरली. चार जणांचे प्राण गेले. त्या वेळी ४६ बाधितांना हाच प्रशियन निळा रंग औषध म्हणून पोटात देण्यात आला. आतड्यात त्याने सीझियम धरले आणि ते शरीराबाहेर काढले. चित्रकाराच्या रंगपेटीतील वस्तू माणसाच्या प्राणरक्षणासाठी कामी यावी, ही ज्ञानाची केवढी थोरवी!

यांशिवाय स्ट्रॉन्शियमसाठी टायटॅनियमची संयुगे, कोबाल्टसारख्या धातूंसाठी कृत्रिम राळ, आयोडीनसाठी चांदीचा लेप दिलेले किंवा साधे सक्रिय कोळसे असे नाना पदार्थ वापरले जातात. कापडाचेही या यादीत स्थान आहे. १९९९ ते २००१ या काळात जपानी संशोधकांनी न विणलेल्या पॉलिएथिलीन कापडावर 'अमिडॉक्सिम' नावाचे रासायनिक गट रुजवून ते कापड समुद्रात बुडवून ठेवले. समुद्राच्या एका टन पाण्यात युरेनियम असते जेमतेम तीन मिलिग्रॅम. तरीही त्या कापडाने एक किलोहून अधिक युरेनियमयुक्त 'पिवळी भुकटी' गोळा केली. ती महाग पडली, हा भाग वेगळा. पण कापड काय काय करू शकते, हे ऐकून माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो.

तीन ठिकाणचे अनुभव

प्रयोगशाळेतील यश आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असते. म्हणून तीन ठिकाणचे अनुभव सांगतो.

पहिले ठिकाण अमेरिकेतील थ्री माइल आयलंड. २८ मार्च १९७९ रोजी तेथील दुसऱ्या अणुभट्टीतील इंधन अंशतः वितळले. इमारतीच्या तळघरात सुमारे २४ लाख लिटर दूषित पाणी साचले. १९८१ पासून झिओलाइटने भरलेल्या टाक्यांतून ते पाणी सोडण्यात आले. किरण अडविण्यासाठी त्या टाक्या पाण्याच्या तलावात बुडवून ठेवल्या होत्या. सीझियम जवळजवळ संपूर्ण निघाले. भरलेल्या झिओलाइटची पुढे काच करण्यात आली. राहिले ते ट्रिटियमयुक्त पाणी. नदीच्या खालच्या बाजूच्या शहरातील नागरिकांचा ते नदीत सोडण्यास तीव्र विरोध होता. अखेर सुमारे ८७ लाख लिटर पाण्याचे बाष्पीभवन करण्यात आले आणि ते काम १९९३ मध्ये पूर्ण झाले.

दुसरे ठिकाण इंग्लंडमधील सेलाफील्ड. तेथील वापरलेल्या इंधनाच्या तलावांचे पाणी आयरिश समुद्रात जात असे आणि १९७० च्या दशकात त्यातील सीझियमचे प्रमाण फार वाढले होते. १९८५ मध्ये तेथे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. कॅलिफोर्नियातून आणलेले क्लिनोप्टिलोलाइट नावाचे नैसर्गिक झिओलाइट त्यात वापरले गेले आणि समुद्रात जाणारे सीझियम व स्ट्रॉन्शियम मोठ्या प्रमाणात घटले. परंतु १९९४ नंतर टेक्नीशियम-९९ या दुसऱ्याच धातूचे प्रमाण समुद्रात वाढले. हा धातू पाण्यात ऋण भार घेऊन वावरतो, त्यामुळे धन आयन पकडणारे पदार्थ त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. आयर्लंड आणि नॉर्वे या देशांनी त्याबद्दल जोरदार आक्षेप घेतला. पुढे २००४ पासून वेगळे रसायन वापरून तो धातू पाण्यातून वेगळा करण्यात येऊ लागला. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही, हा त्यातील धडा.

तिसरे ठिकाण जपानमधील फुकुशिमा. ११ मार्च २०११ रोजी प्रचंड भूकंप आणि त्सुनामी यांमुळे तेथील तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. ते थंड ठेवण्यासाठी पाणी ओतत राहणे भाग होते. आरंभी समुद्राचे पाणीही वापरावे लागले. त्यात डोंगराकडून येणारे भूजल तळघरांत दररोज सुमारे ४०० टन या गतीने झिरपत होते. म्हणजे एका बाजूने शुद्ध करावे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तेवढेच दूषित व्हावे.

समुद्राच्या पाण्यामुळे अधिशोषकांची कसोटी लागली. अशा पाण्यात एका लिटरला सोडियम कित्येक ग्रॅम असते आणि सीझियम मात्र त्याच्या लक्षावधी अंशाने कमी. भरगच्च जत्रेतून एकच ओळखीचा माणूस शोधून हाताला धरून बाहेर आणावा, असे ते काम होते. जून २०११ मध्ये अमेरिकन आणि फ्रेंच कंपन्यांच्या यंत्रणा, तर ऑगस्टमध्ये जपानी कंपनीची झिओलाइटवर चालणारी यंत्रणा सुरू झाली. सीझियम काढलेले पाणी क्षारमुक्त करून पुन्हा अणुभट्ट्या थंड करण्यासाठी फिरविले जाऊ लागले. मार्च २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याच्या यंत्रणेची चाचणी सुरू झाली. तिची रचना ६२ प्रकारचे किरणोत्सारी घटक काढण्यासाठी केलेली आहे. तिच्यात प्रथम लोह आणि कार्बोनेट यांच्या साहाय्याने काही घटक साक्याच्या रूपाने खाली बसवितात. त्यामुळे स्ट्रॉन्शियमच्या वाटेत आडवे येणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही दूर होते. त्यानंतर वेगवेगळ्या अधिशोषकांनी भरलेल्या डझनाहून अधिक नळकांड्यांतून पाणी क्रमाने जाते.

ही नळकांडी कशी चालतात, हे समजून घेण्यासारखे आहे. नळकांड्याच्या तोंडाशी असलेला अधिशोषक प्रथम भरतो आणि भरलेला पट्टा हळूहळू खाली सरकतो. तो तळाला पोहोचला की धातू पलीकडे निसटू लागतात. गोदाम भरले असताना आलेला माल रस्त्यावरच राहावा, तसे. म्हणून एकामागे एक नळकांडी जोडतात. पहिले भरले की ते काढून घ्यावयाचे, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणावयाचे आणि नवे शेवटी जोडावयाचे. हे बदल वेळेवर केले तर पाणी शुद्ध निघते. उशीर केला तर यंत्र चालू दिसते, पण पाणी शुद्ध होत नाही.

जे धरता येत नाही आणि जे धरून ठेवले जाते

आता या विषयातील दोन अवघड प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न ट्रिटियमचा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचेच किरणोत्सारी भावंड. ते पाण्यात विरघळलेले नसते, ते पाण्याच्या रेणूचाच अवयव होऊन बसते. त्यामुळे झिओलाइट असो वा प्रशियन निळा, त्याला वेगळे ओळखू शकत नाही. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे आणि त्याचे किरण क्षीण आहेत, तरी ते शून्य नव्हेत. फुकुशिमात एक हजाराहून अधिक टाक्यांत साठलेले सुमारे १३ लाख घनमीटर पाणी शेवटी याच कारणामुळे अडून राहिले होते. २४ ऑगस्ट २०२३ पासून ते समुद्राच्या पाण्यात मिसळून, एका लिटरला १,५०० बेकरेलपेक्षा कमी ट्रिटियम राहील इतके विरळ करून, एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडण्यास सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेले मार्गदर्शक प्रमाण १०,००० बेकरेल आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ च्या अहवालात ही योजना सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकांशी सुसंगत असल्याचे म्हटले. तरीही चीनने त्याच दिवशी जपानी मासळीची आयात थांबविली आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध कायम राहिला.

आकडे अनुकूल असताना विरोध का? याचे एक कारण आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना चटकन उमजेल. २०१५ मध्ये मच्छीमारांना लेखी आश्वासन देण्यात आले होते, की संबंधितांच्या संमतीवाचून पाण्याची विल्हेवाट लावली जाणार नाही. २०१८ मध्ये असे उघड झाले, की शुद्ध झाले म्हणून टाक्यांत साठविलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाण्यात ट्रिटियमखेरीज स्ट्रॉन्शियमसारखे घटकही मर्यादेपेक्षा अधिक होते. साठवण लवकर व्हावी म्हणून यंत्रणा वेगाने चालविली गेली होती आणि अधिशोषक बदलण्यात विलंब झाला होता. हे पाणी समुद्रात सोडण्यापूर्वी पुन्हा शुद्ध करावे लागते आणि तसे ठरविण्यातही आले आहे. परंतु एकदा वहीतील नोंद आणि गोदामातील माल यांत तफावत आढळली, की पुढची प्रत्येक खरी नोंदही लोक दोनदा तपासतात. पत मिळविण्यास पिढ्या लागतात, ती जाण्यास एक ताळेबंद पुरतो.

दुसरा प्रश्न पकडलेल्या धातूंचा. पाणी स्वच्छ झाले म्हणजे किरणोत्सार संपला, असे नाही. तो अधिशोषकात एकवटला. फुकुशिमातील भरलेली नळकांडी आणि साक्याचे हजारो बंद पिंप आजही तेथे जपून ठेवावे लागत आहेत. किरणांमुळे आतील ओलाव्यातून हायड्रोजन वायू निघत राहतो, म्हणून त्यांवर लक्ष ठेवावे लागते. आणखी एक उदाहरण बोलके आहे. अपघातानंतरच्या घाईत दोन इमारतींच्या तळघरांत झिओलाइटने भरलेली पोती टाकण्यात आली होती. पोत्यांनी आपले काम चोख केले. परंतु पुढे त्यांच्या पृष्ठभागावरील किरणोत्सार तासाला ४ सीव्हर्टच्या घरात गेला. तेवढी मात्रा अंगावर घेतल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो. अखेर २०२५ मध्ये दूरनियंत्रित यंत्रांच्या साहाय्याने ती पोती गोळा करण्यास सुरुवात झाली. ज्या वस्तूने संकट धरून ठेवले, तीच वस्तू चौदा वर्षे माणसाला जवळ येऊ देत नव्हती. म्हणून अधिशोषक टाकण्यापूर्वीच तो पुढे कोण, कधी आणि कसा काढणार, याचा विचार झाला पाहिजे.

आपल्या देशातील कार्य

या क्षेत्रात आपल्या देशाचे कार्य अभिमान वाटावे असे आहे. भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून एक विशेष राळ तयार केली. पुनर्प्रक्रियेतून निघणाऱ्या तीव्र क्षारयुक्त द्रवात सोडियम विपुल असतानाही ही राळ सीझियमला निवडून घेते. तिचा मोठा गुण असा, की सौम्य नायट्रिक आम्लाने धुतली असता ती पकडलेले सीझियम सोडते आणि पुन्हा वापरता येते. त्यामुळे वापरलेल्या राळेचा ढीग साचत नाही. सीझियमचा तीव्र द्रव मात्र काचेत बद्ध केला जातो. काच पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून दीर्घकाळ कोंडून ठेवण्यासाठी ती योग्य. काचीकरणाचे हे काम तारापूर आणि ट्रॉम्बे या दोन्ही ठिकाणी झालेले आहे.

याहून हृद्य गोष्ट पुढे आहे. ट्रॉम्बे येथे द्रव कचऱ्यातून वेगळे केलेले सीझियम काचेच्या पेन्सिलींच्या रूपात घडवून रक्त-किरणन यंत्रांसाठी पुरविण्यात येऊ लागले. प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या रुग्णाला, उदाहरणार्थ अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णाला, रक्त देताना त्यातील काही पांढऱ्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो. त्या पेशी निष्प्रभ करण्यासाठी रक्तावर किरण सोडावे लागतात. जो पदार्थ पाण्यात राहिला असता तर विष ठरला असता, तोच योग्य जागी ठेवल्याने रुग्णाच्या उपयोगी पडतो.

आपण काय करावे?

हे सर्व ऐकून आपण केवळ भयभीत व्हावे किंवा केवळ निश्चिंत व्हावे, असे मला वाटत नाही. अणुवीज केंद्राविषयी बोलताना या दोन्ही टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, सर्व पाणी विषारी आहे. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञ पाहून घेतील. व्यापारात आपण असे वागत नाही. समोरच्याचा माल चांगला असला तरी आपण गज लावून मोजतो आणि त्याचा समोरच्याला राग येत नाही. मोजणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो व्यवहाराचा शिष्टाचार आहे.

तोच शिष्टाचार येथेही पाळावा. कोणत्याही शुद्धीकरण केंद्राबाबत सामान्य नागरिकाने चार प्रश्न विचारावेत. एक, पाण्यातून कोणकोणते घटक काढले जातात आणि कोणते राहतात? दोन, भरलेले अधिशोषक किती काळाने बदलतात आणि त्याची नोंद कोठे पाहावयास मिळते? तीन, काढून घेतलेला कचरा कोठे ठेवला आहे आणि किती वर्षांसाठी? चार, मोजणी फक्त चालविणाराच करतो, की त्याच्याशी संबंध नसलेला कोणी दुसराही करतो? या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. लेखापरीक्षण म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला हे प्रश्न कळतात. आपल्या समाजात असे लोक भरपूर आहेत.

आणि हे चार प्रश्न केवळ अणुवीज केंद्राला विचारून भागणार नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत आणि त्यांचा माल आपल्या दुकानांत येतो. रंगाच्या कढईतील सगळा रंग कापडावर चढत नाही. उरलेला पाण्यासोबत जातो. त्यासाठीही अधिशोषणाचीच विद्या आहे. सक्रिय कोळसा रंगाचे रेणू उत्तम धरतो. विद्या उपलब्ध असूनही ती वापरावयाची की नाही, हा खर्चाचा प्रश्न म्हणून आपण सोडून देतो. ज्या खाडीतून आणि ज्या किनाऱ्यावर मच्छीमार बांधव पोट भरतात, तेथे एका नळातून येणाऱ्या पाण्याचा हिशेब मागावयाचा आणि दुसऱ्या नळाकडे पाठ फिरवावयाची, हे न्यायाला धरून होणार नाही. माल घेताना आपण धाग्याचा नंबर विचारतो, रंगाचा पक्केपणा पाहतो, त्यासोबत रंगाच्या पाण्याचे काय केले, एवढे विचारण्यास काय हरकत आहे? शंभर व्यापाऱ्यांनी विचारले तर कारखानदाराला उत्तर तयार ठेवावेच लागेल. गज दोन्हीकडे एकच असला पाहिजे.

मी विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना करू इच्छितो. या सुवर्ण महोत्सवी वर्षात आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांसाठी पाण्याच्या तपासणीचे एक लहान शिबिर भरवावे. किरणोत्सार मोजणे हे प्रशिक्षितांचे काम आहे, ते त्यांच्यावर सोपवावे. परंतु विहिरीच्या, बोअरच्या आणि ओढ्याच्या पाण्याचा क्षार, आम्लता आणि रंग मोजणे शाळकरी मुलांनाही जमते. वर्षानुवर्षे त्याच जागेची नोंद त्याच वहीत होत गेली, तर पन्नास वर्षांनी या ट्रस्टच्या शताब्दी महोत्सवात ती वही व्यासपीठावर ठेवता येईल. सीझियमचे अर्धायुष्यही तोवर एकदा पुरे होऊन दुसरे अर्ध्याहून अधिक सरले असेल. ज्या कचऱ्याची राखण तीनशे वर्षे करावयाची आहे, त्याची पहिली पन्नास वर्षे आपण डोळसपणे राखली, एवढे पुढच्या पिढीला दिसले तरी पुष्कळ झाले.